पोटखराब्यातला सरडा

मराठीत सरड्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. नेत्याने पक्ष बदलला की तो सरडा. एखाद्याची मजल फार नाही म्हणायचं असेल तर सरड्याची धाव कुंपणापर्यंत. पुराणात जाऊन बघा, तिथेही तीच गत. नृग राजाने ब्राह्मणाला दान दिलेली गाय चुकून त्याच्या कळपात परत आली, त्याने ती दुसऱ्यालाच दान दिली आणि शाप मिळाला: सरडा हो आणि विहिरीत पड. कृष्णाचा हात लागेपर्यंत बिचारा तिथेच पडून होता. एवढा मोठा दानशूर राजा, पण एका गायीची नोंद चुकली आणि थेट सरडा! ही गोष्ट मला नेहमी तलाठ्याच्या दप्तरातली वाटत आलेली आहे. पुढे दप्तराबद्दल लिहायचंच आहे, म्हणून आधी सांगून ठेवतो.

तर अशा या बदनाम शब्दाला २०१६ साली एक मान मिळाला. प्राणिशास्त्रात प्रत्येक जिवाचं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द कुळाचा, म्हणजे आपल्या आडनावासारखा, आणि दुसरा त्या जातीचा. बहुतेक नावं लॅटिन नाहीतर ग्रीक वळणाची. त्या वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले व्ही. दीपक आणि के. प्रवीण कारंथ, मुंबईच्या बीएनएचएसमध्ये अनेक वर्षं सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम केलेले वरद गिरी, तसंच हर्षल भोसले, अमोद झांबरे आणि आणखी काही जणांनी मिळून एक मोठा शोधनिबंध लिहिला. त्यात पाच नव्या जाती होत्या आणि एक अख्खं नवं कुळ होतं. त्या कुळाला त्यांनी नाव दिलं 'सरडा'. लॅटिनची वेलांटी नाही, ग्रीकचा काना नाही. आपला साधा मराठी सरडा. आता जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या प्राण्याची बाटली असेल, तर तिच्या चिठ्ठीवर हा शब्द लिहावा लागतो.

या कुळात तेव्हा तीन जाती धरल्या गेल्या. सरडा सुपर्बा, सरडा डार्विनी आणि सरडा डेक्कनेन्सिस. तिसऱ्या नावात तर दख्खनच आहे.

पण हा सरडा म्हणजे तुमच्या बागेतल्या कुंपणावर मान हलवणारा सरडा नव्हे. तो वेगळा, आकाराने मोठा आणि झाडाझुडपांतला. हा माळावरचा. डोक्यापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत फार तर बोटाएवढा, त्याच्यामागे अंगापेक्षा लांब शेपूट. रंग मातीचा. पाठीवर शंकरपाळ्यासारख्या चौकटींची एक ओळ. मागच्या पायाला पाच नव्हे, चारच बोटं. घाबरला की पुढचे पाय उचलून नुसत्या मागच्या दोन पायांवर पळतो. पहिल्यांदा बघाल तर हसू येईल. मुंग्या, वाळवी, नाकतोडे असं मिळेल ते खातो. एरवी गवतात बसला तर दोन पावलांवरूनही दिसत नाही.

दिसतो तो उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत नर एखाद्या दगडावर चढतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालची कातडी झटकन उघडतो. जपानी पंखा उघडावा तशी. त्या पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग. उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. मोरपिसाशेजारी धरला तरी हा निळा फिका पडणार नाही. मादीला असला पंखा नाही. इंग्रजीत याला फॅन-थ्रोटेड लिझार्ड म्हणतात. मी पंखेवाला सरडा म्हणतो.

आता इतिहास. या सरड्यांच्या नात्यातला पहिला नमुना पॅरिसला पोहोचला, कारण पाँडिचेरी फ्रेंचांच्या ताब्यात होती. जॉर्ज क्युविए या बड्या शास्त्रज्ञाने १८२९ साली त्याचं नाव ठेवलं सिटाना पाँटिसेरियाना, म्हणजे पाँडिचेरीचा. पुढे भारतात जिथे जिथे गळ्याला पंखा असलेला छोटा सरडा दिसला, तिथे तिथे हेच नाव चिकटवलं गेलं. मद्रासचा असो नाहीतर माणदेशातला, सगळे पाँडिचेरीचेच.

याला एकाने हरकत घेतली होती. थॉमस जेर्डन हा कंपनी सरकारच्या फौजेतला डॉक्टर. भारतातल्या पक्ष्यांवरच्या त्याच्या ग्रंथामुळे पक्षीवाल्यांना तो ठाऊक असतो. दख्खनमध्ये नोकरी केलेला माणूस. १८७० साली त्याने लिहिलं की दख्खनचा हा सरडा अंगाने मोठा आहे, याचा पंखाही मोठा आहे, ही वेगळी जात आहे. डेक्कनेन्सिस हे नाव त्याचंच. दोन वर्षांनी तो वारला. नंतरच्या यादीकारांनी त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं. १९३५ साली माल्कम स्मिथने ब्रिटिश भारतातल्या सरड्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही हे सगळे एकाच जातीत राहिले. लंडनमधल्या बाटलीत बुडवून ठेवलेल्या सरड्याचा रंग उडालेला असतो आणि पंखा मिटलेला असतो. मिटलेल्या पंख्यांत फरक काय दिसणार? उन्हात माळावर उभं राहून बघितलेल्या माणसाचं ऐकायला १४६ वर्षं लागली. २०१६च्या निबंधात गावोगाव फिरून घेतलेली मापं होती, डीएनए होता आणि शेवटी निघालं ते हेच, की जेर्डन बरोबर होता.

सरडा डार्विनीचं नाव अर्थातच चार्ल्स डार्विनवरून. डार्विन भारतात कधी आला नाही. पण १८७१च्या 'द डिसेंट ऑफ मॅन' या पुस्तकात मादीला भुलवण्यासाठी नरांमध्ये काय काय नखरे तयार होतात याची चर्चा करताना त्याने भारतातल्या या पंखेवाल्यांचं उदाहरण घेतलं. रंग फक्त विणीच्या हंगामात दिसतात आणि मादीकडे या पंख्याचा मागमूसही नसतो, हे त्याने नोंदवलं. त्याचा आधार होता आल्बर्ट गुंथरचा १८६४चा ग्रंथ. जेर्डन दख्खनच्या सरड्याला नाव देत होता, तेव्हा लंडनजवळच्या घरात डार्विन या सरड्याच्या भाऊबंदांबद्दल लिहीत होता.

इथवरची गोष्ट नावाची झाली. माझा खरा प्रश्न पत्त्याचा आहे.

मी हुपरीचा. हुपरी म्हटलं की लोकांना चांदी आठवते. पैंजण, तोरड्या, वाळे. घराघरात कारखाना, दारात बसून घुंगरू जोडणाऱ्या बायका. गावाच्या बाहेर पडलं की ऊस. एका अंगाला पंचगंगा, दुसऱ्या अंगाला दूधगंगा, मध्ये साखर कारखाना. या सगळ्यात माळ कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. बरोबर विचारता. आता तो हुडकावा लागतो. रस्त्याच्या कडेचा उंचवटा, जुनी मुरमाची खण, गायरानाचा उरलेला कोपरा, औद्योगिक वसाहतीत अजून शेड न उठलेला प्लॉट. असे तुकडे.

पण पूर्वी असं नव्हतं, याचा एक पुरावा आमच्या शेजारीच दरवर्षी हळदीत न्हाऊन निघतो. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा. दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर येतात, भंडारा उधळतात, फरांडे बाबांची भाकणूक ऐकतात. पाऊसपाणी कसं, पीक कसं, मेंढी कशी. तुम्ही रील बघितली असेलच. रीलमध्ये पिवळा रंग दिसतो, पण एवढे मेंढपाळ नेमके इथे का येतात हा प्रश्न दिसत नाही. गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची कितीतरी वर्षं या धनगरांबरोबर, त्यांच्या ओव्या आणि देवांबरोबर घालवली. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांना समजून घ्यायचं तर त्यांच्या भक्तांचं चराईचं मोकळं रान समजून घ्यावं लागतं, हे त्याच्या लिखाणातून कळतं. मेंढ्या उसात चरत नाहीत. देव आहे म्हणजे कधीतरी गवत होतं.

दुसरा पुरावा दरबारी आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवायची मोठी परंपरा होती. भारतातले चित्ते संपत आले तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले, त्यात कोल्हापूर पुढे होतं. दिव्यभानुसिंह यांनी भारतातल्या चित्त्यांचा इतिहास लिहिला आहे, त्यात हे सगळं येतं. जुने फोटोही आहेत. गाडीवर डोळे बांधून बसवलेला चित्ता. आता चित्ता काय दाट जंगलात धावतो? त्याला लांबच लांब उघडं रान लागतं आणि समोर काळविटांचे कळप लागतात. माळाने देव पाळले, राजाचा शौक पाळला आणि त्याच गवताच्या बुडाशी बोटभर सरडाही पाळला.

मग हा माळ 'पडीक' कधी झाला?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूरकडे जी पद्धत बसवली, ती पुढे सगळीकडे गेली. जमीन किती, माती किती खोल, त्यावर सारा किती. हिशोब साऱ्याचा होता, त्यामुळे ज्यातून सारा निघत नाही ती जमीन खराब. सर्व्हे नंबरच्या पोटात असलेला असा नापीक तुकडा तो 'पोटखराबा'. हा शब्द आजही तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर असेल. मोबाईलवर उतारा काढा आणि बघा. क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य किती आणि पोटखराबा किती, असं लिहिलेलं असतं. इंग्रज गेले, राज्य आपलं आलं, खराबा राहिला. पुढे उपग्रह आले. केंद्र सरकारने २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, त्यातही झुडपी माळ पडीकमध्येच गेला. आकाशातून बघितलं तरी नजर तलाठ्याचीच.

एकदा जमीन खराब ठरली की तिच्यावर काहीही करायला मोकळीक मिळते. कुणी माळ फोडतो, ट्रॅक्टरने काळी माती आणून मुरमावर ओततो आणि ऊस लावतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. दोन एकरवाल्याला माळ परवडत नाही. कुणी प्लॉट पाडतो. सरकार वसाहत उठवतं. आणि ज्यांना निसर्गाचं भलं करायचं असतं ते झाडं लावतात! हा प्रकार मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्याला विरोध केला की लोक वेड्यासारखं बघतात. रिकामा माळ दिसला की खड्डे खणायचे, ग्लिरिसिडिया लावायचा, फोटो काढायचा. पंखेवाल्या सरड्याला दगड लागतो, खुरटं गवत लागतं आणि दगडावरून चारी बाजूंनी दिसायला हवं. सावली पडली की त्याचा रंगमंच गेला. मादीला पंखा दिसलाच नाही तर उघडून करायचं काय?

झाडं लावण्यामागे एक समजूत असते. इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं आणि माळ उरला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हे काही ठिकाणी खरंही असेल. पण पर्जन्यछायेच्या दख्खनला ते लागू पडत नाही, आणि याची साक्ष खुद्द सरडाच देतो. दीपक आणि कारंथ यांनी २०१८ साली या पंखेवाल्या सरड्यांच्या डीएनएवरून त्यांची वंशावळ काळात मागे नेली. भारतीय उपखंड जसजसा कोरडा होत गेला, मोकळी गवताळ रानं वाढत गेली, तसतसे हे सरडे फुटत, पसरत आणि वेगळे होत गेले. ही गोष्ट मायोसीन काळातली, म्हणजे लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षांच्या मापाची. कुऱ्हाड काय, कुऱ्हाड धरणारा हातसुद्धा तेव्हा नव्हता. उघड्या रानासाठीच घडलेला प्राणी इथे एवढ्या काळापासून आहे, तर उघडं रानही तेवढंच जुनं असणार.

माणसांच्या काळाचा पुरावा हवा असेल तर तो मराठीतच आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. जुनं मराठी साहित्य, लोकपरंपरेतल्या ओव्या, लीळाचरित्रासारखे ग्रंथ यांत कुठल्या झाडाझुडपांचा आणि गवताचा उल्लेख येतो हे त्यांनी तपासलं. पश्चिम महाराष्ट्राच्या या भागाच्या वर्णनांत बहुतांश वनस्पती निघाल्या त्या मोकळ्या माळरानाच्या, बाभळी-बोरींच्या. म्हणजे किमान ७५० वर्षांपूर्वीही इथे माळच होता. चक्रधरस्वामींच्या पायाखाली जे गवत होतं, त्याला आपला सातबारा खराबा म्हणतो.

गेल्या मे महिन्यात मी रेंदाळच्या बाजूला एका उंचवट्यावर सकाळी दगडं बघत फिरत होतो. मेंढरं घेऊन एक म्हातारे धनगर आले.

"काय हुडकालायस रं?"

"सरडा, मामा."

"सरडा? त्यो काय हुडकायचा असतोय व्हय?"

मी पंख्याचं सांगितलं. हाताने गळ्याखाली करून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "त्यो व्हय. त्यो पावसाच्या आदी नाचतोय. एकदा पाऊस लागला की गप. आदी लई हुते, आता मेंढरंबी कमी आन् त्योबी कमी." मग काठीने एक मोठा दगड दाखवून "हितं बस जरा, हालू नको" म्हणून पुढे निघून गेले. डार्विनने पुस्तकातून काढलेली हंगामाची गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. आणि वर हेही, की मेंढरू आणि सरडा एकाच माळाचे भाडेकरू आहेत.

माळावर अतिक्रमण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर ओकणारा कारखाना येतो. पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे सरडा सुपर्बा मुबलक आहे, तिथे आल्या त्या पवनचक्क्या. स्वच्छ वीज. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. २०१८ साली आलेले निष्कर्ष वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. शिक्रा, ससाणा, घार यांच्यासारखे पक्षी त्या पात्यांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. आणि सरडे? सरडे वाढले. तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की.

पण पुढे वाचा. शत्रू नाही म्हणून त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी झालेलं. माणूस बराच जवळ गेला तरी पळायचं सुचत नाही. संख्या वाढल्यामुळे खाणं वाटलं गेलं आणि अंगं वाळली. आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका पडला.

हे शेवटचं मला हुपरीवाला म्हणून लगेच कळलं. चांदीत टंच बघतात. वरून चमक सगळ्यालाच आणता येते, पण आत शुद्ध चांदी किती हे टंच सांगतो. सरड्याचा रंग हा त्याचा टंच आहे. पोटभर खाल्लेला, धडधाकट नरच तेवढा गडद निळा आणि नारिंगी दाखवू शकतो, आणि मादी तेच पारखत असते. चाळकेवाडीच्या चक्क्यांखाली दागिने पुष्कळ झाले आणि टंच उतरला. वरवर मोजणारा म्हणेल, सरडे वाढले, प्रकल्पाचा काही तोटा नाही. पक्षी गेले की गवताच्या बुडापर्यंत काय काय हलतं, ते नुसती डोकी मोजून कळत नाही.

हा सगळा पसारा पश्चिम महाराष्ट्रातच संपत नाही. हुपरीहून निपाणी-संकेश्वर करत गोकाकला जा, जास्तीत जास्त दोन तास. तिथून २०१८ साली सिटाना कुळातली एक नवी जात सापडली, नाव सिटाना गोकाकेन्सिस. गोकाकचा धबधबा बघायला आणि करदंट आणायला आपली अर्धी गावं जातात. धबधब्याकडे तोंड करून सेल्फी घेताना पाठीमागच्या खडकाळ रानात शास्त्राला ठाऊक नसलेला सरडा बसलेला होता. सीमाभागात दोन राज्यं भांडतात, पण दोन्हींच्या दप्तरात माळाला पडीक म्हणायला मात्र एकमत आहे.

तुम्हाला हा सरडा बघायचा असेल तर एप्रिल-मे धरा. सकाळी ऊन चांगलं तापायला लागलं की जवळच्या मुरमाड तुकड्यावर जा, दगड उलथू नका, दगडांवर नजर ठेवून लांब बसा. नऊ ते अकराच्या दरम्यान बहुतेक वेळा दर्शन होतं. दोन नर समोरासमोर आले तर जबड्यात जबडा घालून लोळतात, तेव्हा त्यांना तुमचं भानही नसतं. फोटो काढलात तर लोकेशन टाकू नका.

आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा. आमच्याकडे माळ सपाट करायचं, प्लॉटचे रस्ते पाडायचं काम पावसाच्या आधी उरकायचं असतं, त्यामुळे मे हाच जेसीबीचा महिना. सरड्याचा पंखाही त्याच महिन्यात उघडतो. रेंदाळच्या बाजूच्या त्या उंचवट्याच्या निम्म्या भागात या वर्षी दगडांवर चुन्याच्या रेघा पडल्या आहेत. उरलेल्या निम्म्यात मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो. दोन पाऊस पडून गेले होते, नर गप्प झाले होते. एक मादी पुढच्या पायांनी ओल्या मुरमात बीळ खणत होती. अंडी घालून झाल्यावर तिने माती लोटली, नाकाडाने ठोकून ठोकून सपाट केली, दोन पावलं मागे गेली, परत येऊन पुन्हा ठोकली. मग गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली.